हॉकीवाल्याचे डोळे

...डोळे. आधी डोळेच दिसले. शोकेसमधल्या हॉकीवाल्या बाहुल्याच्या त्या दोन तिरक्या, चिडक्या टिपक्यांच्या जागी आता लांबट, अर्धे मिटलेले, कडेला तांबूस झाक मारलेले डोळे होते, आणि ते चिंतामणीकडे असे बघत होते, की त्याने जणू आत्ताच पुढ्यात दूर्वांची जुडी ठेवून काहीतरी मागितलंय.

त्याने दात न घासलेल्या तोंडाने शोकेसची काच सरकवली. आतून ऑइल पेंटचा वास आला. एक, दोन, तीन... फलंदाज, दोन्ही गोलंदाज, फुटबॉलवाला, मुष्टियोद्धा, पहिलवान – सगळे नवेकोरे, ओले वाटावेत इतके चकचकीत. सगळ्यांच्या ओठांना एकच गुलाबी. सगळ्यांना तेच डोळे. कागदाच्या लगद्याचे, प्लॅस्टरचे, गळ्यात स्प्रिंग असलेले अकरा खेळाडू, आणि अकराच्या अकरा आशीर्वाद द्यायला बसल्यासारखे. त्याने पहिलवानाच्या डोक्याला बोट लावलं. डोकं हललं नाही. वॉर्निश गळ्यात उतरून स्प्रिंग चिकटली होती.

आणि बारावा? यष्टिरक्षक कुठंय?

"नाथाकडे आहे तो," माई आतून म्हणाली. आईचा आवाज प्रसन्न होता. "त्याची मान निघाली होती हातात. बदलापूर गावातला आपला नाथा रे, गणपतीवाला. तीन दिवस खपला बिचारा. पैसा घेतला नाही."

"कुणाला विचारून?"

"यात विचारायचं काय? वृंदाला बघायला माणसं यायचीत आज. पहिली नजर शोकेसवर जाते, चिंतू. तिथे तुझी ती रंग उडालेली भुतं!"

तीन दिवस शोकेसवर चादर होती. भिंतीला रंग काढायचाय, धूळ उडते, असं सांगितलं होतं – आणि हा गाढव सेकंड शिफ्टला जाताना रोज त्या चादरीला वळसा घालून जात होता, वर बायकोला, कुंदाला, बजावत होता की चादर नीट खोच, धूळ जाईल आत. कुंदाला माहीत होतं. आता ती रवा भाजत होती आणि मान वर करत नव्हती.

"मी माईंना म्हटलं होतं हो, एकदा विचारा म्हणून," ती एवढंच म्हणाली.

म्हटलं होतं! नऊ वर्षं... नऊ वर्षांचे रविवार. अंबरनाथच्या कंपनीत सहा दिवस स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजायचे आणि सातव्या दिवशी उल्हासनगरला, कॅम्प चारच्या मागच्या गल्ल्यांमध्ये, भंगारवाल्यांच्या गोणपाटांवर उकिडवं बसायचं. तुटके नळ, घड्याळांची पोटं, बिनझाकणाचे डबे, आणि त्यात वर्षातून एखाद-दोनदा एक डोकं लटलटताना दिसायचं. "साईं, तुम्हारा मुंडी हिलानेवाला आया है," म्हातारा भंगारवाला लांबूनच ओरडायचा. साठ सालच्या सुमाराची चीज. तेव्हा सरबताच्या एजंटांनी, खेळाच्या सामानवाल्यांनी दुकानांत वाटलेले हे बाहुले. कुणी जपले नाहीत, कुणी मोजले नाहीत. चिंतामणी रंगाच्या भेगा बघून साल सांगायचा. दाढीच्या जुन्या ब्रशनेच धूळ झटकायचा, फडकं कधी लावलं नाही. हॉकीवाल्याचा हिरवा सदरा कडेला पिवळा पडला होता, नाकाचा टवका उडाला होता, आणि त्या नाकामुळेच तो असा दिसायचा, की आत्ताच पंचाशी भांडून आलाय.

स्टोअरमधला शशिकांत म्हणायचा, "चिंत्या, साहेबापुढे दिवसभर मान हलवतोस ती कमी पडते काय रे, म्हणून घरी डझनभर पाळल्यास?" सगळे हसायचे. हसा. मीही हसायचो. पण त्यातल्या एकाने तरी आयुष्यात स्वतःहून एक गोष्ट निवडली होती का? माझी नोकरी वडिलांनी निवडली. बायको माईने निवडली, फोटो तेवढा दाखवला, तोही पुसट. शिरगावचा हा ब्लॉक काकांनी निवडला, पश्चिमेच्या उन्हात भाजणारा. पगाराचं पाकीट उघडायच्या आत घरात सगळं ठरलेलं असतं. काचेमागची ती दीड हात जागा, फक्त तेवढी माझी होती... आणि तिथेसुद्धा हे लोक ब्रश घेऊन घुसले. प्रेमाने! फुकट! शिवी द्यायची सोयच ठेवली नाही. चोरी झाली असती तर पोलिसांत गेलो असतो. फोडले असते तर तुकडे दाखवले असते. आता दाखवू काय? यांचे डोळे सुंदर झालेत म्हणून?

तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. तिथे वृंदा आरशासमोर बसली होती, शेजारणीने तिच्या भुवया कोरून दिल्या होत्या आणि आता गालांवर काहीतरी थापून ते वाळायची वाट बघत होती.

"तुलाही ठाऊक होतं?"

"हो." ओठ न हलवता ती बोलली. "दादा, ओरडू नकोस आज. तुझ्या बाहुल्यांना नाथाने निदान हलक्या हाताने घासलंय. माझी साल निघालीय."

"हा विनोद करायचा वेळ आहे?"

"मुलगा पसंत आहे का, हे मला कुणी विचारलंय? तू विचारलंस?"

तिला काय बोलायला जातंय. तिच्यासाठी चार ठिकाणी उंबरे झिजवले ते कुणी? विषय काय, ही बोलते काय. त्याने पाठ फिरवली, आणि पाठ फिरवल्यावरही ते वाक्य मानेला डास बसावा तसं बसून राहिलं.

माणसं चारला आली. मुलाचे काका, श्रीपादराव, खुर्चीत बसायच्या आधीच शोकेसपाशी गेले.

"वा! इंपोर्टेड का?"

"आमच्या चिंतूची हौस," माई म्हणाली.

"अगदी नवे वाटतात हो. गणपतीत आरास म्हणून काय दिसतील!" त्यांनी फलंदाजाच्या टाळूवर टिचकी मारली. "यातला एखादा द्या बरं आमच्या नातवाला. काय, चिंतामणराव?"

सगळे हसले. चिंतामणीने हातातली शिऱ्याची बशी खाली ठेवली. काचेवर मूठ घालावी, काका-पुतण्या दोघांना जिन्यावरून खाली... वृंदा मान खाली घालून बसली होती. तो म्हणाला, "घ्या की." खरंच म्हणाला. आणि श्रीपादरावांनी खरंच घेतला.

माणसं गेल्यावर त्याने चप्पल घातली आणि कुणाशी न बोलता निघाला. रेल्वेचं फाटक ओलांडून पश्चिमेला, मग गावाकडे. वाटभर शिव्या जुळवत. नाथा, भडव्या, तुला कुणी सांगितलं होतं... तुझ्या बापाचे होते का... गणपतीचे डोळे आखायची तुला एवढी खाज, तर स्वतःच्या ढुंगणावर आख! प्रत्येक पावलाला एक. कितीतरी वर्षांनी त्याला इतकं मोकळं वाटत होतं.

नाथाच्या कारखान्यात हंगाम संपल्याची सामसूम होती. भिंतीला रिकामे साचे टेकवलेले. नाथा दारातल्या उजेडात यष्टिरक्षकाला मांडीवर घेऊन बसला होता, लहान पोराचं नाक पुसावं तसा पॉलिश पेपर मारत.

"या दादा. माईंनी सांगितलं नाय वाटतं तुमाला. त्वांड बगूनच कळतंय." त्याने गोणपाट झटकलं. "मी म्हनलं व्हतं, पयले दादाला इचारा. त्या म्हनल्या, इचारलंय."

जुळवलेल्या शिव्यांतली एकही बाहेर न काढता चिंतामणीने यष्टिरक्षकाकडे बोट केलं.

"नाथा, जुना रंग होता त्याला... तीस वर्षांचा. ओरिजनल."

"ओरिजनल कशाचा?" नाथाने यष्टिरक्षकाचा गाल उजेडाकडे फिरवला. घासलेल्या जागी गोल गोल कडा दिसत होत्या, कांदा कापल्यासारख्या – पिवळट, त्याखाली पांढरी, त्याखाली निळी, आणि मध्ये कसलीतरी विटकरी. "चार येळा रंगवलाय ह्याला. मी काय पयला न्हाई. हॉकीवाल्याला तर रंगाचे पाच हात व्हते. मुळात सदरा लाल व्हता त्याचा. आन् काठी मागनं कुनीतरी ठोकलीय, खिळा हाय आत. आदी हातात काय व्हतं, द्येव जाने."

लाल. आणि काठी नव्हतीच. चिंतामणी खाली बसला. म्हणजे भेगा बघून आपण साल सांगत होतो ते... भंगारवाल्यांसमोर, शशिकांतसमोर, छाती काढून... कुठल्यातरी दुकानदाराने दिवाळीला, कुणीतरी पोराने सुट्टीत, कुणाच्यातरी आईने पाहुणे यायचे म्हणून... आणि ते तिरके, चिडके डोळे – ज्यांच्याकडे नऊ वर्षं रोज बघून तो कामाला गेला – ते कुणाच्या हातचे?

"ह्यो एकच राहिलाय," नाथा म्हणाला. पॉलिश पेपर थांबवून त्याने वर बघितलं. त्याच्या नजरेत थट्टा नव्हती, माफीही नव्हती. कारागीर गिऱ्हाइकाला विचारतो तसं तो विचारत होता. "आता ह्याचं तरी तुमीच सांगा, दादा. कंच्या रंगापरेंत उतरवू? तुमचा कंचा?"

चिंतामणीने गालावरच्या कडांकडे बघितलं. पिवळट म्हणावं, तर तो कुणाचातरी. निळा... तो कधी पाहिलाच नव्हता. नाथा घाई करत नव्हता. बाहेरून कुणाचीतरी म्हैस हंबरत गेली. एका माणसाने समोर बसून, हातातलं काम थांबवून, त्याला विचारलं होतं, आणि त्याच्यापाशी सांगायला काही नव्हतं. आणि त्या शांत, वाट बघणाऱ्या चेहऱ्याचा त्याला असा संताप आला, असा आला, की सकाळपासून माईचा आला नव्हता, त्या श्रीपादरावांचा आला नव्हता, आजवर कुणाचाच आला नव्हता.