कडी लाव गं

“आई, ते आज काढ, नाहीतर मी काढीन,” बूट चढवता चढवता मुलगा म्हणाला आणि दार उघडून निघाला. चौकटीवरून त्याचे वडील बोलले, “कडी लाव गं.”

वडिलांना जाऊन वर्ष होत आलं होतं. बायको विसराळू, म्हणून त्या हौशी माणसाने दारावर एक इवलासा सर्किट बोर्ड बसवला होता. दार उघडलं की त्याचाच आवाज यायचा. तो असताना सगळे हसायचे. आता सुनेला दिवस गेले होते आणि दार उघडताना तिच्या अंगावर काटा यायचा. तिचंही काही चुकत नव्हतं. पण बोर्ड काढायचा म्हणजे नवऱ्याला दुसऱ्यांदा पोचवून यायचं, ते आईच्याने होईना. तिने मधला मार्ग काढला. स्पीकरच्या जागी हेडफोनचा जॅक बसवायचा. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं.

काम तिच्या हातातलंच होतं, रेडिओच्या कारखान्यात तिने जन्मभर जॅकच जोडले होते. तरी ती एकेक तार जपून जोडत होती. सोल्डरगन जरा जास्त टेकली की चिप जळणार, आणि हा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

तिने डाख दिला, हेडफोन कानाला लावून दार उघडलं. काहीच नाही. पुन्हा उघडलं, तरी नाही. ती मटकन स्टुलावर बसली. आपल्याच हाताने आपण त्याला गप्प केलं, एवढंच मनात येत राहिलं.

मग तिने जॅककडे नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. जॅकला पाय तीन. कारखान्यात दोन कानांचे दोन पाय हिचे आणि ग्राउंडचा तिसरा, ज्याच्याशिवाय आवाजच येत नाही, तो शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचा. हात सवयीने दोन पायांवरच थांबला होता. तिसरी तार मोकळी लोंबत होती. मैत्रिणीचं काम तिने स्वतः केलं आणि दार उघडलं.

“कडी लाव गं.”

इतक्या जवळून तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. तिला रडू आलं, तिने ते येऊ दिलं.

संध्याकाळी सुनेने किल्लीने दार उघडलं, नेहमीसारखे खांदे आवळून. आतली कडी अर्थातच लावलेली नव्हती. घर गप्प होतं. ती उंबऱ्यातच थांबली. तिने वर पाहिलं, मग दाराशी स्टुलावर बसलेल्या सासूच्या कानांकडे पाहिलं.

“आई, बाबा काही बोलले का?”

“बोलले की.”

सून आत आली, वळली आणि तिने हळूच कडी लावली.