कुंकू लावलेले सेल

गाझियाबादच्या त्या नव्या सोसायटीत रंगीत टीव्ही आले, वॉशिंग मशीन आली, केबल आली. वीज तेवढी यायची विसरली. संध्याकाळचे सात वाजले की बत्ती गुल. त्यामुळे मुरलीधर सबनिसांना भलता भाव. टेलिफोन खात्यातला माणूस. कोणत्या टॉर्चला कोणता सेल, कोणता गळतो, कोणता टिकतो, सगळी इमारत त्यांनाच विचारायची. हे महाशयही ऐटीत सांगायचे, "सेल घ्यावा तर कोरा, जुन्याचा भरवसा नाही." स्वतःच्या बाल्कनीत मात्र संपलेले सेल कुरडयांसारखे उन्हात वाळत घातलेले!

गणपतीतली गोष्ट. चौथ्या मजल्यावरच्या चंद्रप्रभाकाकू, निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहायच्या. त्या टॉर्च आणि दोन कोरे सेल घेऊन आल्या. "तुम्ही सांगितलेलेच आणलेत हो. घालून ठेवा, आरतीला जाताना नेते." सेलांनाही कुंकवाचं बोट लावलेलं. नवी वस्तू कुंकवाशिवाय वापरायची नाही, हा काकूंचा नेम.

त्या गेल्या आणि वीजही गेली. भारत-पाकिस्तानची मॅच ऐन रंगात, आणि ट्रान्झिस्टरचा आवाज बसत चाललेला. मुरलीधररावांनी इकडेतिकडे बघितलं आणि काकूंचे सेल रेडिओत सारले. टॉर्चमध्ये बाल्कनीतले दोन घातले. बटण दाबलं, तर लख्ख उजेड! आरतीपुरते चालतील, उद्या नवे आणून देऊ, काय बिघडतंय?

उन्हात तापवलेले सेल ते. जाताना चालले, येताना दुसऱ्या मजल्यावर विझले. काकू सात पायऱ्या गडगडत खाली आल्या. उजवा हात मोडला.

"मीच मेली वेंधळी," त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या. "टॉर्चचं काय? तो मुरलीधररावांनी तपासलेला!"

हे कानावर आलं की मुरलीधररावांना वाटे, धरणी दुभंगली तर बरं. त्यांची बायको कुमुद रोज काकूंना डबा पोचवायची. "तुम्ही पण चला ना," म्हणाली की यांचं डोकं दुखायला लागे. रेडिओ त्यांनी कपाटात कोंबला. लाज वाटत होती, जेवण जाऊ नये इतकी लाज, आणि तरी मेलं तोंड उघडेना.

आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे अंबादास आले. "यार सबनीस, टॉर्चला सेल कोणते घेऊ? काकू म्हणाल्या, तुम्हालाच विचार."

"मला नका विचारू," मुरलीधरराव म्हणाले. त्यांनी कपाटातून रेडिओ काढला, त्यातले सेल मुठीत धरले आणि तडक चौथा मजला गाठला.

काकूंनी डाव्या हाताने दार उघडलं. मुरलीधररावांनी मूठ उघडली. कुंकू तसंच होतं.

"काकू, हे तुमचे. मी... मॅचसाठी..."

"ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी टॉर्च उघडून बघितला मी. आतल्या सेलांना कुंकू नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

काकूंनी सेल घेतले नाहीत. "वर्गात चूक कबूल करायला मी पोरांना एक तास द्यायचे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आठ दिवस लागले, मुरलीधरराव."