बसऱ्याला मेलेला सावळाराम

प्राध्यापक नूरुद्दीन मूळचे भोरचे. लंडनला जाऊन त्यांनी साम्राज्याचे कागद उपसले आणि इंग्रजांच्या लढायांपायी आपली माणसं जगात कुठं कुठं पांगली, यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते निघालं तर विद्यापीठात मोठी खुर्ची, नाहीतर जन्मभर पोरांच्या वह्या तपासायच्या. पुस्तक छापखान्यात गेलं होतं. त्यातलं एक अख्खं प्रकरण हिर्डोशीच्या सावळारामवर, १९१७ साली इराकात बसऱ्याच्या इस्पितळात मेलेल्या शिपायावर, उभं होतं. घरच्यांचे दोन शब्द मिळावेत म्हणून १९३६च्या उन्हाळ्यात ते हिर्डोशीला आले.

अंगणात सावळाराम दोरी वळत बसला होता.

प्राध्यापकांचं डोकंच चालेना. "रखमाजींचे सावळाराम तुम्हीच?"

"व्हय."

"मग बसऱ्याला कोण गेलं?"

सावळारामनं आधी घरात पाहिलं, मग आवाज उतरवला. "भरतीत नाव माजं लागलं. पोरं ल्हान हुती. धाकला भाऊ चिमाजी माज्या नावावर गेला. घरात सांगितलं, सोताच्या नावानं गेलाय. पुडं माज्याच मरणाचा कागद आला. म्या म्हनलो, सरकार चुकलं, म्या तर हितं जित्ता. समद्यांनी मानलं, चिमाजीची वाट बघत ऱ्हायले. सगुणा, त्याची बायकू, अजून कुंकू लावती. लिवू नका, मास्तर."

खरं लिहावं तर एका बाईचं कुंकू जाणार, न लिहावं तर जित्या माणसाला छापून मारायचं. एवढे कागद वाचून हे एक कळू नये याचा प्राध्यापकांना स्वतःचाच संताप आला. त्यांनी टिपणं उगाच दोनदा चाळली.

सगुणाबाई गुळाचा चहा घेऊन बाहेर आल्या. सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"कागद आला त्याच साली म्या वळखलं," त्या म्हणाल्या. "कुंकू पुसलं असतं तर मेलं कोण, ह्ये सरकारनं ईचारलं असतं. खोट्या नावापायी भावजींना धरून न्येलं असतं."

सावळारामच्या हातातली दोरी सुटली. तो मान खाली घालून रडू लागला.

"मग काय लिहू, बाई?" प्राध्यापकांनी विचारलं.

नवऱ्याचं नाव त्या बाईनं जन्मात घेतलं नव्हतं. पदर सारखा करून त्यांनी ते घेतलं. "चिमाजी लिवा. एवड्या सालांनी आता कोन धरतंय भावजींना. आन् त्ये गेले ती तिथी काढून द्या."

प्राध्यापकांजवळ इंग्रजी तारीख होती. "पंचांग पाहून कळवतो. घाई आहे का?"

"एकोनीस सालं सराद न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "उपाशी हायती त्ये."