पर्वती पाहायची होती

इनास हा वसईचा धर्मोपदेशक. बायको कातरीन आणि लहानग्या आनाला घेऊन तो महिनाभर एका चर्चहून दुसऱ्या चर्चला हिंडत होता, आणि प्रत्येक मुक्कामी कातरीनची एकच भुणभुण असे: इथलं काहीतरी पाहू या. रेवदंड्याला किल्ला पाहायला निघाले, तर यानं नावाड्याला उपदेश सुरू केला, तो ओहोटी लागेपर्यंत. कार्ल्याला याचं ऐकता ऐकता गुरव घोरू लागला. परमेश्वरानं या माणसाला तोंड दिलं, त्याला कडी लावायची तेवढी राहून गेली.

कातरीनला किल्ल्यांचं काही सोयरसुतक नव्हतं. ही सगळी पेरणी पुण्याच्या पर्वतीसाठी होती. तिची थोरली बहीण लुसिया हिचं सासर शुद्ध होऊन जुन्या धर्मात परतलं आणि शनिवार पेठेत येऊन राहिलं. लुसियाची मुक्ताबाई झाली, माहेर तुटलं. सासूचं सोवळं आता असं, की जन्माच्या सोवळ्यांनी धडे घ्यावेत. भाजीवाल्या सोजरबाईकडून लुसियाचा निरोप आला होता: सोमवारी पर्वतीला ये. सासू वर गेली की मी पाय दुखतो म्हणून खालीच बसेन.

त्यांची आई चैत्रात गेली होती. लुसियाला ते ठाऊक नव्हतं. भाजीच्या टोपलीतून धाडण्यासारखा तो निरोप नव्हता, बहिणीनं बहिणीला तोंडानंच सांगायचा होता. नवऱ्याला यातलं काही कळू देण्याची सोय नव्हती. मेव्हणीला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, तरी तिला कळपात परत आणायला तो थेट तिच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला असता.

सोमवारी पुण्याच्या चर्चचे वडीलधारे, पेशव्यांच्या तोफखान्यातले एक गोलंदाज, इनासला म्हणाले, "इथं आपण सरकारच्या मेहेरबानीनं आहोत. रस्त्यात तोंड उघडू नका."

इनासनं मान डोलावली आणि मग चर्चच्या घंटेवर इतका वेळ बोलला, की दारात उभ्या कातरीनच्या अंगाचा तिळपापड झाला.

पर्वतीशी पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. पायथ्याच्या पायरीवर लुसिया बसली होती, अंगानं निम्मी झालेली. कातरीननं नवऱ्याला जवळच्या शिकारखान्यात पेशव्यांनी पाळलेला सिंह पाहायला पिटाळलं आणि तिच्याशेजारी बसली.

"ही आना ना?" लुसियानं विचारलं. "आईच्या वळणावर गेलीय. कशी आहे गं आई?"

कातरीननं तिचा हात धरला. "लुसिया, ऐक—"

"बाई, आपण चुकलेल्या मेंढराची गोष्ट ऐकलीय का?"

सिंहाला उपदेश चालत नाही, इनास परतला होता. कातरीननं डोळे वटारले, पदर ओढावा तसा त्याचा अंगरखा ओढला, पण घडा एकदा उपडा झाला की झाला. त्याच्या खणखणीत आवाजानं माणसं जमली. पायऱ्या उतरणारी सासू थबकली.

"मुक्ते," ती वरून म्हणाली, "पाय बरा झाला असेल तर निघू या."

लुसिया उठली. तिचे डोळे भरून आले होते. जाता जाता तिनं आनाच्या गालाला बोट लावलं आणि परक्यासारखी म्हणाली, "तुझ्या आजीला माझा नमस्कार सांग हो, बाळ."

आना काही बोलणार, तोच कातरीननं तिचा हात घट्ट दाबला.

"पाहिलंस? तिच्या डोळ्यांत पाणी होतं," इनास म्हणाला. "बी रुजलंय. उद्या घरी जाऊन भेटलं पाहिजे. राहते कुठं म्हणाली?"

कातरीन दूर जाणाऱ्या लुगड्याकडे पाहत राहिली.

"विचारलं नाही," ती म्हणाली.