पुड्यामागची बारीक अक्षरं

मी भिंग बोलतोय. दुर्बिणीतलं नव्हे, कुठल्या मोठ्या यंत्रातलंही नव्हे. काळ्या मुठीचं, हातात धरून बारीक अक्षर वाचायचं साधं भिंग. माझ्यातून बघणाऱ्याला अक्षरं मोठी दिसतात. मला मात्र बघणाऱ्याचा डोळा दिसतो, अगदी जवळून. त्यामुळे माणसं काय वाचतात यापेक्षा वाचताना त्यांच्या डोळ्यांत काय होतं, ते मला जास्त कळतं.

एका कारखान्यात ओल्या भुकटीवर घासून घासून माझ्या पोटाला फुगवटा आणला, कडं चढवलं, मूठ बसवली आणि मला चष्म्याच्या दुकानात पाठवलं. तिथून एका बाईंनी मला घरी नेलं. त्या भरतकाम करायच्या. सुई-दोऱ्याच्या टोपलीत रेशमाच्या लडींवर मी लोळायचो. ते माझे सुखाचे दिवस. पुढे बाई आजारी पडल्या आणि गेल्या. टोपली जेवणाच्या खोलीतल्या कपाटावर गेली आणि तिचं झाकण बंद झालं ते झालंच.

घरात त्यांचे यजमान एकटे उरले. त्यांनी उभा जन्म बेकरी चालवली. म्हातारपणी दुकान दुसऱ्याला देऊन टाकलं, तरी गल्लीत सगळे त्यांना बेकरीवालेच म्हणतात. एकुलती एक मुलगी, लाडाचं नाव बबडी. ती जनावरांची डॉक्टर. दूरच्या गावी गोठ्यांवर काम करते.

एकदा ती रजा घेऊन घरी आली. बेकरीवाल्यांनी सकाळपासून खपून तिच्यासाठी केक केला. मी टोपलीत होतो, दिसत काही नव्हतं, पण शब्द न् शब्द कानावर आला.

"बाबा, मी हे आता खात नाही."

"हे म्हणजे?"

"दूध, लोणी, अंडी, मध. जनावरांपासून आलेलं काहीच नाही. फोनवर सांगितलं होतं मी तुम्हाला."

"मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. अगं, दुधाने कुणाचं काय बिघडलं?"

"वासरू वेगळं काढलं की गाय हंबरत राहते, बाबा. मी तिथेच उभी असते. तुम्ही सोडा असं मी म्हणत नाही. फक्त मला वाढू नका."

बेकरीवाल्यांचा आवाज चिरकला. "याच लोण्या-अंड्यांवर तू शिकलीस. आणि आता बापाच्या हातचं तुला चालेनासं झालं."

तिची रजा शिल्लक होती, तरी दुसऱ्या दिवशी निघून गेली. केक कुणीच खाल्ला नाही.

त्यानंतर घर मुकं झालं. फोन यायचे, पण "जेवलात?" "जेवलो." "औषध?" "घेतलं." एवढ्यावर आटपायचे.

मग एका दुपारी टोपलीचं झाकण उघडलं. उजेडाने मी दिपून गेलो. पिठाच्या सवयीने सतत बारीक केलेला एक डोळा माझ्यावर आला. बेकरीवाल्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि ठळक अक्षरांत 'वनस्पतिजन्य'. मागे मात्र मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. ते खिडकीशी गेले, मला मागेपुढे केलं आणि एका शब्दावर थांबले. खूप वेळ थांबले. मग त्यांनी फोन लावला.

"बबडे, केसिन म्हणजे काय गं?"

"दुधातलंच असतं ते. का हो?"

"काही नाही. पुड्यावर दिसलं, म्हणून विचारलं."

पण मला त्यांचा डोळा दिसला होता. ते 'काही नाही' मुळीच नव्हतं.

तेव्हापासून मी टोपलीतून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आलो. रोज आम्ही दोघं किराणा दुकानात. फळीवरचा एकेक पुडा ते उलटा करत आणि मला त्यावर धरत. दुकानदारीणबाईंना गंमत वाटायची. "काका, पुडा घ्यायचाय की पुड्याचं लग्न जमवायचंय? इतकी चौकशी तर कुणी जावयाचीही करत नाही."

"खाणारी चोखंदळ आहे," ते म्हणायचे. बोलताना जरा ताठ व्हायचे.

आम्ही पुष्कळ शिकलो. गोळ्यांवरची चकाकी कधी किड्याच्या लाखेची असते. लालचुटूक रंग वाळवलेल्या किड्यांचा असू शकतो. थरथरणाऱ्या जेलीत हाडं-कातडी उकळून काढलेलं जिलेटिन असतं. 'दूध नाही' असं छापलेल्या डब्यात मध निघतो. शंका आली की फोन. बबडी सांगायची, ते ऐकायचे. आधी एक वाक्य, मग दोन, मग गोठ्यावरच्या एखाद्या लंगड्या कालवडीची अख्खी हकिगत.

एक दिवस पावाच्या पिशवीवर त्यांना ओळखीचं नाव भेटलं. कणीक सैल पडावी म्हणून घालतात ती पावडर. बेकरीत ती पिंपाने यायची. त्यांनी हौसेने फोन केला.

"ही तर आमची रोजची. ही चालेल ना?"

"नक्की सांगता येत नाही, बाबा. काही ठिकाणी ती पक्ष्यांच्या पिसांपासून करतात. लेबलवर ते लिहीत नाहीत."

ते दुकानातल्या स्टुलावर बसले. "म्हणजे मी लोकांना काय खाऊ घालत होतो, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला कोण सांगणार होतं?" बबडी म्हणाली. "तुमचा पाव चांगलाच होता, बाबा. मला अजून आठवतो."

त्यांचा डोळा भरून आला. माझी काच धुरकटली. त्यांनी मला सदऱ्याच्या बाहीला पुसलं आणि तीच बाही डोळ्यांवरून फिरवली.

पुढे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यांना उत्तरं पाठ झाली होती, तरी ते विचारायचे. एकदा त्यांनी पुन्हा केसिनचं काढलं.

"बाबा, हे तुम्ही मागेही विचारलं होतं."

"हो का? विसरलो असेन."

"असू दे. विचारा परत. सांगते."

आणि तिने पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते मान डोलावत राहिले, जणू प्रथमच ऐकत होते.

मग एक साधा, कसल्याही चित्राशिवायचा पुडा सापडला. गव्हाचं पीठ, साखर, तेल, मीठ. बस. शंका घ्यायला जागाच नाही. इतक्या शोधानंतर हवं ते मिळालं, पण बेकरीवाल्यांचा चेहरा पडला. फोन कशासाठी करायचा? त्यांनी पुडा घेतला, घरी आणून डब्यात ठेवला. बरेच दिवस फोन झाला नाही. पुडा पुढे जुना झाला, तो त्यांनीच चहाबरोबर संपवला, कोऱ्या चहाबरोबर. घरात दूध येणं कधी बंद झालं, ते बहुधा त्यांनाही कळलं नसावं.

काल संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, मी दुकानात आहे. एक पुडा घेतलाय हातात. चालेल की नाही, समजत नाहीये."

जिने सगळं शिकवलं, ती विचारत होती. बेकरीवाले खुर्चीत सरसावून बसले. त्यांनी खिशातून मला काढलं आणि समोरच्या रिकाम्या टेबलावर धरलं. पुडा तर तिकडे, कित्येक गावं पलीकडे. पण त्यांचा हात मला सोडेना.

"वाच बघू," ते म्हणाले. "पहिल्यापासून वाच. सावकाश."

ती वाचत गेली. सगळं वाचून झालं तेव्हा ते म्हणाले, "चालेल. घे तो. आणि... मला आता तेलातला केक जमायला लागलाय. दोनदा बिघडला, तिसरा बरा झाला. तू येऊन सांगशील का, कसा झालाय?"

"येते, बाबा. रजा मिळते का बघते."

ते 'बघते' ऐकून कालपासून ते दाराशी येरझाऱ्या घालतायत.

बबडे, एक गोष्ट ते तुला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढतोय. रोज जवळून बघतो मी. हल्ली मला पुड्यावर धरूनही ते नुसते अंदाजाने वाचतात. मी लहान अक्षर मोठं करतो गं, पण दूरचं माणूस जवळ आणणं माझ्या काचेला जमत नाही. ते तुझं तुलाच करावं लागेल. रजा काढ.