वाचनशाळेतला काळा पडदा

स्वामी शंभुदासांनी संगणकावर लाल रेशीम पांघरलं, स्वतःही त्यात शिरले, आणि वाचनशाळेत जमलेल्या आमच्या साऱ्या गावाने श्वास रोखला. आतून मंत्र ऐकू येत होते आणि मंत्रांच्या आडून कळफलकाची टकटक. रेशीम बाजूला झालं, तेव्हा दशमीपासून काळाठिक्कर पडलेल्या पडद्यावर पुस्तकसूचीची पांढरी अक्षरं उमटली होती.

"देवी प्रसन्न!" स्वामी घाम पुसत म्हणाले. "पण वीज गेली की पुन्हा कोपेल. मला बोलवा."

आणि वीज तर आमच्याकडे रोजच जाते.

दोषी ठरली होती ग्रंथपाल सौदामिनी. नवरात्रात पुस्तकांबरोबर संगणकही पूजेला मांडला जातो. विजयादशमीपर्यंत त्याला हात लावायचा नसतो. तिने त्याआधीच त्यावरची धूळ पुसली होती. वाचनशाळेची समिती आज तिला कामावरून काढणार होती, आणि तिचं घर त्याच पगारावर चालत होतं.

"देवीला डिवचलंस तू," अध्यक्ष भार्गवन म्हणाले.

"धूळच तर पुसली, चेट्टा. देवीला काय धूळ आवडते?" वडीलधाऱ्याला आमच्याकडे 'चेट्टा', म्हणजे दादा, म्हणतात.

हायस्कुलात संगणक शिकवणाऱ्या रोसम्मा टीचर पुढे आल्या. "पूजेला मांडताना काय बदललंत?"

"पडदा!" भार्गवन अभिमानाने म्हणाले. "जुना मोठा फार कळकट दिसत होता. भाच्याने आखातातून आणलेला हा छोटा लावला."

टीचर हसल्या. "स्वामी, यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. रेशमाशिवाय."

"उघड्यावर मंत्र जळतात, बाई!"

"मग मीच करते. उपास नाही की सोवळं नाही. आत्ताच मत्ती माशाची आमटी ओरपून आलेय."

यंत्र सुरू होताना क्षणभर एक यादी झळकते. टीचरनी कळ दाबून ती थांबवली आणि एका ओळीतला आकडा बदलला. अक्षरं उमटली.

"यंत्र बिघडलंच नव्हतं. त्याला जुन्या मोठ्या पडद्याचं माप दिलेलं आहे. सुरुवातीची यादी लहान मापात येते म्हणून दिसते, पण पुढचं मोठं चित्र या छोट्याला पेलत नाही, म्हणून अंधार. स्वामींनी रेशमाखाली हेच माप बदललं. पण इथला बदल तेवढ्या वेळेपुरताच टिकतो. वीज गेली की यंत्र जुनंच माप वाचतं, आणि तुम्ही स्वामींना पुन्हा रिक्षा पाठवणार."

मग सौदामिनीकडून परवलीचा शब्द घेऊन त्यांनी सुरुवातीच्या सूचनांच्या फाईलमध्येच नवं माप कायमचं लिहिलं. "चेट्टा, आता मेन स्विच तुम्हीच पाडा."

भार्गवननी स्विच पाडला, पुन्हा चढवला. अक्षरं आपसूक आली.

"देवीनेच टीचरच्या हातून करवून घेतलं!" स्वामी चपला शोधत म्हणाले.

"मग पुढच्या वेळी तिला थेट शाळेत पाठवा," मागून कुणीतरी ओरडलं.

सौदामिनीची नोकरी राहिली. माफी मात्र समितीतल्या एकानेही मागितली नाही.

पडदा काळा झाला, तेव्हा 'कशामुळे?' असं विचारायला हवं होतं. गावाने विचारलं, 'कोणामुळे?' वाचकहो, हा दुसरा प्रश्न ओठांवर येईल तेव्हा जरा थांबा. त्याच्या उत्तरात कुणीतरी माणूसच बळी जातो.