दत्ताराम सरांच्या सूचना

दत्ताराम पाटकर या माणसाने जोआनच्या नाकी नऊ आणले होते. पाच महिन्यांपूर्वी ती सॉफ्टवेअरच्या एका अगडबंब कंपनीत डेव्हलपर म्हणून लागली, आणि तिच्या पहिल्याच कामावर या गृहस्थांनी एकेचाळीस सूचना लिहून पाठवल्या. 'या नावावरून काही कळत नाही.' 'ही ओळ इथे कशाला?' 'हे वर एकदा सांगितलं आहे.' कंपनीचा नियमच तसा. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून 'मंजूर' म्हटल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि जोआनच्या नशिबी वाचणारे हे आले होते. ती उत्तनच्या कोळीवाड्यात घरी बसून काम करायची आणि मीटिंगमध्ये सगळ्यांचे कॅमेरे बंद. त्यामुळे तिने त्यांचा फक्त आवाज ऐकला होता, आणि तोही कधी गोड नसायचा.

एक मात्र तिलाही कबूल करावं लागे. त्यांनी काढलेली चूक कधी खोटी निघाली नाही. तिघातिघांच्या नजरेतून सुटलेली गफलत हे पहिल्या फेरीत पकडत. अशा माणसाचा राग येतो, पण त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

आता खटका उडाला होता तो वेगळ्याच गोष्टीवरून. कोड तपासायचं जुनाट पान मोडीत काढून नवं बांधायचं काम जोआनकडे आलं होतं. तिने ते जीव ओतून केलं. लिखाण कमी, सुबक चित्रांची बटणं. मंगळवारी ते मोठ्या साहेबांना दाखवायचं, पसंत पडलं की तिची नोकरी कायम, आणि एक तारखेपासून जुनं पान बंद. शुक्रवारी दत्ताराम सरांची एकच सूचना आली. 'बटणांना नावं नाहीत. मंजूर नाही.'

"बटणांना कसली नावं?" जोआन फोनवर टीम लीड रुचिताला म्हणाली. "बारसं करू काय त्यांचं?"

"अगं, ते पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहतात. तुला जवळच आहे. उद्या जाऊन समोरासमोर बोल ना."

शनिवारी सकाळी ती भांडायच्या तयारीनेच निघाली. दारात तिच्या डॅडीने, रॉबर्टने, सुक्या बोंबलांचं पुडकं तिच्या हातात कोंबलं. "लोकांच्या घरी हात हलवत जायचा न्हाय," तो म्हणाला. आयुष्य होडीवर गेलेला माणूस, त्याच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

दार दत्ताराम सरांनीच उघडलं. पन्नाशीचे, किडकिडीत. चपलांच्या कपाटाला पांढरी काठी टेकवून ठेवलेली. त्यांनी तिच्या खांद्याच्या जरा बाजूला बघत विचारलं, "कोण?" आणि ती काठी कशासाठी ते जोआनला कळलं. सगळ्या टीमला ठाऊक होतं, म्हणूनच तिला कुणी सांगितलं नव्हतं. जो आपला कोड डोळ्यांत तेल घालून वाचतो, असं ती पाच महिने समजत होती, त्या माणसाला दिसतच नव्हतं.

"मी जोआन, सर."

"अरे! आणि बोंबील आणलेस? ये, ये. दार लाव आधी, समोरचे नाक मुरडतात."

टेबलावर लॅपटॉप होता, पडदा काळाकुट्ट. "सर, हा बंद आहे," ती बोलून गेली आणि जीभ चावली.

"चालू आहे गं. मला उजेड कशाला? तेवढीच बॅटरी वाचते." त्यांनी इअरफोन उपसला आणि तडतड सुरू झाली, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. "हा तुझा परवाचा कोड. यंत्र वाचतं, मी ऐकतो."

तिला त्यातलं अक्षर समजलं नाही. सर मात्र मान डोलवत होते. मध्येच त्यांनी बोट उचललं. "इथे. यादी रिकामी आली तर काय होणार? विचार केलास?"

नव्हता केला. इतक्या वेगात हे ऐकतात, डोक्यात मांडतात आणि वर चूक काढतात! जोआनचं भांडण कुठल्या कुठे गेलं. तिला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

मग त्यांनी तिचं नवं पान उघडलं. यंत्र बोललं, "बटण. बटण. चित्र. बटण."

"यातलं मंजूरचं कुठलं आणि नामंजूरचं कुठलं, सांग बरं मला." ते हसत होते. "चित्राच्या आत नाव लिहून ठेवलं तरच हे वाचणार ना?"

एकाही बटणाच्या आत जोआनने नाव लिहिलं नव्हतं.

"मंगळवारचं मला माहितीये. नोकरी कायम व्हायचीये ना? मी मंजूर करतोय, टेन्शन नको घेऊ. नंतर दुरुस्त कर." आणि त्यांनी जुन्या पानावरून खरंच मंजुरी देऊन टाकली.

"आणि एक तारखेपासून तुम्ही?"

"कुणाला तरी विनवीन, बाबा रे, काय लिहिलंय ते वाचून दाखव." त्यांनी इअरफोन पुन्हा खोचला. "या 'नंतर'ची आणि माझी वीस वर्षांची ओळख आहे, जोआन."

उत्तनच्या बसमध्ये तिने मोजली, त्रेसष्ट बटणं. शिवाय माऊसवाचून सगळं चालायला हवं. निदान तीन आठवडे. तिने रुचिताला फोन लावला.

"मंगळवारची वेळ कौस्तुभच्या टीमला जाईल," रुचिता म्हणाली. "तुझं कायम होणं तीन महिने लांबेल. माझ्या हातात काही नाही. चालेल?"

"नाही चालणार," जोआन म्हणाली. "पण नवं पान पुढे ढकला."

ते तीन आठवडे तिने लॅपटॉपचा पडदा काळा करून, कान लावून काम केलं. रॉबर्ट येता-जाता बघायचा. "काळ्या पडद्याकडे बघायचा पगार देतात? बरी कंपनी हाय." पहिल्या दिवशी तिला स्वतःच्याच पानावर मंजुरीचं बटण सापडेना. तिला स्वतःची लाज वाटली.

पान सुरू झालं त्या सोमवारी जोआनने आपलं पुढचं काम त्यावरूनच तपासायला पाठवलं आणि नखं कुरतडत बसली. अर्धा तास काही नाही. मग एक सूचना आली. 'या नावावरून काही कळत नाही.' मग दुसरी. मग धडाधड पंधरा, तीस, बेचाळीस. शेवटची, त्रेचाळिसावी, कुठल्याच ओळीवर नव्हती.

'सगळं एकट्याने वाचलं. कुणाला विचारावं लागलं नाही.'

"काय झाला गो?" रॉबर्टने दारातून विचारलं. "रडतेस का?"

"सरांनी बेचाळीस चुका काढल्या, डॅडी," जोआन डोळे पुसत म्हणाली, आणि पहिली चूक दुरुस्त करायला बसली.